चार देश, एक मिशी

"डोळे बांधून चार देशांच्या बिअरचे चार ग्लास. एक जरी देश चुकलास, तर पुन्हा बिअरचं नाव काढायचं नाही!" रेडकरांनी गच्चीवर पैज लावली.

"आणि मी जिंकलो तर तुझी मिशी जाणार, सोसायटीच्या गेटवर," शेजारचा हुद्दार म्हणाला.

अकरा दिवस युरोप-जपान फिरून आल्यापासून, तीन वर्षं, हुद्दारने तिथल्या बिअरच्या गप्पांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. लिफ्टमध्ये बेल्जियम, मयताला जपान! वैतागलेल्या रेडकरांनी चारही ग्लासांत नाक्यावरच्या दुकानातली एकच देशी बिअर ओतली.

हुद्दारने घोट घेतले. "जर्मनी. बेल्जियम. वा, जपान! आणि ही झेकवाल्यांची, फेसावरूनच कळतं."

रेडकरांनी नाचत नाचत रिकामी बाटली सगळ्यांना दाखवली. सेक्रेटरी मिरजकरबाई मात्र हसल्या नाहीत.

"पैज चार देशांची होती, रेडकर. तुम्ही पाजलीत एकाच देशाची. लबाडी तुमची, मिशीही तुमचीच."

रविवारी गेटवर खुर्ची मांडली. अख्खी बिल्डिंग जमली. न्हाव्याने वस्तरा ओठावर टेकवला, तसा हुद्दार कानाशी वाकला. "बेल्जियममध्ये ना रेडकर, प्रत्येक बिअरला ग्लासही वेगळा असतो..."

रेडकरांना साधं 'गप्प बस' म्हणायलासुद्धा तोंड उघडता येईना.