कोरा पट्टा

यंत्राची नळी हातात येताच शेवंताबाईंनी ती फुंकणीसारखी धरली, जोरात फुंकली आणि श्वास घ्यायला सवयीने तोंड बाजूला वळवलं.

"माय, श्वासही नळीतूनच घे. इथं धूर नाही," वैजू हसून म्हणाली. तालुक्याच्या दवाखान्यात लोकांची फुप्फुसं वाचणं हे तिचं रोजचंच काम होतं. आज पहिल्यांदा तिने आपल्या आईला आणलं होतं.

पडद्यावर आईची फुप्फुसं उमटली. झाडाच्या खोडात वर्षं दिसावीत तसे त्यात काजळीचे थर होते. पऱ्हाट्यांचा धूर करडा, गोवऱ्यांचा तपकिरी. लग्नानंतरची सगळी वर्षं चुलीपुढे गेलेली. मध्येच एक पट्टा मात्र स्वच्छ कोरा होता, आणि त्यानंतर पुन्हा काळंच काळं.

"हे माझ्या जन्माआधीचे महिने आहेत," वैजू म्हणाली. "तेव्हा धूरच नव्हता का गं?"

"तू पोटात होती ना! म्हून चूल अंगनात मांडली. भर उन्हात भाकरी थापत होती मी. सासू म्हने, येडी झाली ही."

"मग मी झाल्यावर पुन्हा आत का नेलीस?"

"तुहा पाळना बाहीर निंबाखाली बांधला होता," पदराने नळी पुसत शेवंताबाई म्हणाल्या. "मंग चूल आत नको न्यायला?"

नोकरीला लागली तेव्हा वैजूने स्वतःची फुप्फुसं याच पडद्यावर पाहिली होती. ती कोरी निघाली होती, आणि आपली प्रकृती जात्याच दणकट म्हणून तिने ते दवाखानाभर मिरवलं होतं.