नदीतला बांगडा

"तुम्ही? इथे?"

हिसानोच्या हातातली लघवीची बाटली पडता पडता राहिली. समोरच्या बाकावर तिचा नवरा ताकेझो बसला होता. अंगात दवाखान्याचा पाठीमागून उघडा झगा. खरं तर या वेळी तो नदीवर गळ टाकून बसलेला असायला हवा होता.

"आणि तू गं? तुझा फुलं रचायचा वर्ग ना आज?"

दोघांच्याही काखेत एकसारखी वही होती. बाँब पडला तेव्हा हिरोशिमात असलेल्यांना सरकार देतं ती, फुकट तपासणीची.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. त्या दिवशी आपण खेड्यात मामाकडे होतो, असं लग्न ठरताना त्यानं सांगितलं होतं. आपण मावशीकडे होतो, असं तिनं. बाँबचा आजार पोराबाळांतही उतरेल या भीतीनं तेव्हा खरं सांगणाऱ्या घरातून पाहुणे चहा न पिताच उठून जात.

"तरीच!" हिसानो कडाडली. "तरीच तुम्हाला नदीत बांगडा सापडायचा! समुद्रातला मासा वर्षातून दोनदा नदीतला म्हणून खाल्लाय मी!"

"कळत होतं तर बोलली का नाहीस?"

"वाटलं, बाई ठेवलीय. दोनदाच भेटते वर्षातून, भेटू दे म्हटलं."

"आणि तुझ्या फुलांना दुकानाची चिठ्ठी असायची! जमत नसेल बिचारीला, म्हणून मीच गुपचूप काढून टाकायचो."

नर्सनं दोघांना दटावलं. हिसानो त्याच्या शेजारी टेकली.

मग ती हळूच म्हणाली, "लहानपणी चिझुरूचा घोळणा फुटायचा, तेव्हा तुम्ही अंगणात सायकल पुसत बसायचात. पोरीच्या नाकातून रक्त येतंय आणि बापाला सायकल! दगड आहे हा माणूस, असं वाटायचं मला."

"तू तरी काय? नळ सोडून धुतलेलीच भांडी घासायचीस."

"रडणं ऐकू जाऊ नये म्हणून."

ताकेझोनं मान खाली घातली. "सायकलही स्वच्छच असायची गं."

आता मुलीला सांगणं भाग होतं. दवाखान्याच्या फोनपाशी ताकेझो एका हातानं झगा मागून आवळून उभा राहिला. रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मध्ये. त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

"माहीत आहे मला," चिझुरू म्हणाली. "बाबांनी माझ्या लग्नाआधी सांगितलं, आईनं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुमच्या तारखा एका दिवशी येऊ नयेत म्हणून सोळा वर्षं दवाखान्याला फोन करकरून मीच धावपळ करतेय."

"मग आज कशा आल्या?"

"मुद्दाम आणल्या. दोघांनीही मला एकच शपथ घातली होती, 'कळू देऊ नकोस, नाहीतर मला टाकून देणार.' म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं, बघू तरी कोण कुणाला टाकतंय!"