चौबळांची वेगवान हिरवळ

"अजून कापा, नाना! चेंडू पळत नाही, रांगतोय," आमच्या कॉलनीच्या गोल्फ संघाचे कप्तान चौबळ रोज खेकसायचे. होलभोवतीच्या हिरवळीची निगा माझ्याकडे. शेजारच्या कॉलनीने नेलेली ट्रॉफी त्यांना यंदा परत हवीच होती.

"अहो, मुळं उघडी पडतील," मी म्हणायचो. ऐकतोय कोण! कापली, रोलर फिरवला, पुन्हा कापली.

सामन्याच्या सकाळी हिरवळीवर एक कावळा उतरला आणि उभ्याउभ्या घसरत जाऊन कुंपणावर आपटला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

शेवटचा फटका चौबळांचा होता. होल वीतभरावर; चेंडू आत गेला की ट्रॉफी आमची. त्यांनी काठी नुसती टेकवली. चेंडू होलवरून सुळकन गेला, उतार उतरला, फाटकातून बाहेर पडला आणि थेट शेजारच्या कॉलनीत शिरला. मागोमाग ट्रॉफीही गेली.

मला वाटलं, आता तरी गवताला जरा जगू देतील. चौबळ गुडघ्यांवर बसले, त्यांनी होलमध्ये हात घालून पाहिला आणि माझ्यावर डोळे वटारले. "नाना, तुम्ही होल फारच लहान खणलंय!"