मिठाची बोट

मुलगा माधव आगबोटीवर कारकून म्हणून गेला, त्या दिवसापासून सुभद्राबाईंनी घरात केरसुणी फिरवली नव्हती. गेलेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. दिनकरपंतांना हसू येई. देवासच्या वाचनालयात मुंबईची वर्तमानपत्रं चाळून त्यांनी बोटीची सगळी माहिती काढली होती.

“अगं, तीनशे फूट लांब लोखंडी बोट आहे. पोटात नुसतं मोकळं मीठ ओतलंय. ताशी आठ मैल चालते. चतुर्थीला कलकत्त्याला लागणार म्हणजे लागणार. तुझ्या केरसुणीला विचारून चालत नाही ती.”

“लागली की सांगा,” त्या म्हणाल्या.

चतुर्थी गेली, एकादशीही गेली. पंत रोज वाचनालयात जात, बोट लागल्याची बातमी शोधत आणि ती न सापडताच घरी येऊन जेवायला बसत.

एका सकाळी सुभद्राबाईंनी पदर खोचला. “शेजारच्या भाभी नाक मुरडायला लागल्यात. आणि तुमचा हिशेब काही चुकायचा नाही, बोट लागलीच असेल. काढते आता केर.”

पंतांनी त्यांच्या हातून केरसुणी काढून घेतली.

“माझ्या हिशेबाचं काय घेऊन बसलीस,” ते म्हणाले. “राहू दे आजचा दिवस.”