जाळ्यामागची जागा

चेंडू जाळ्यात गेला आणि ब्रोनाच्या तोंडून निसटलंच, “सुटले बाई!”

लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममधले तिच्या बाजूचे सगळे प्रेक्षक गप्प झाले होते आणि शेजारच्या फिलोमिनाला ऐकू जायचं ते गेलंच. फिलोमिना तिच्याच गावची. गालांवर काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या टीमचे रंग फासलेले, ते आता डोळ्यांतल्या पाण्यानं ओघळत होते.

“कुणापासून सुटलीस गं?” तिनं विचारलं.

ब्रोनानं नजर मैदानाकडे वळवली.

तशी चूक तिची एकटीची नव्हतीच म्हणा! लग्नाची तारीख ठरली जानेवारीत. जुलैचा शेवटचा शनिवार. दुसऱ्याच दिवशी ऑल-आयर्लंड फुटबॉलची फायनल, हे काय तिला माहीत नव्हतं? होतं की. पण आपली काउंटी आणि फायनल! पोरं दर वर्षी उन्हाळा लागायच्या आतच हरून गवत कापायला घरी यायची. पाद्रीबाबांनीसुद्धा खुशाल तारीख देऊन टाकली.

आणि या वर्षी पोरं जी जिंकत सुटली! एकेक बलाढ्य काउंटी गारद. दुकानांवर झेंडे, मेंढ्यांच्या पाठीही रंगवलेल्या. ब्रोनाचा धाकटा भाऊ कॅहल गोलकीपर. वडील गेलेले, त्यामुळे चर्चमध्ये तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेणार होता तोच. आणि फायनलच्या आदल्या दिवशी टीम डब्लिनच्या हॉटेलात!

“लग्न पुढे ढकल की!” खाटीक मांस बांधता बांधता म्हणायचा. “नवरा कुठे पळून जातोय? कप जाईल पळून!”

ब्रोना दुकानात हसायची आणि घरी येऊन रडायची. कॅहलला मात्र तिनं एका शब्दानं विचारलं नाही. तोही काही बोलला नाही.

आज सेमीफायनल. अगदी शेवटपर्यंत दोन गुणांनी पुढे. मग तो उंच चेंडू आला आणि कॅहलच्या हातमोज्यांतून निसटला. या आयरिश फुटबॉलमध्ये गोलाचे तीन गुण, म्हणजे एका गुणानं हार. संपलं सगळं.

कॅहल बाहेर आला तेव्हा त्याचे केस ओले होते आणि डोळे लाल. ब्रोनानं पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची बॅग घेतली.

“मॅनेजरला मी आधीच सांगून टाकलं होतं,” तोच म्हणाला. “जिंकलो तर फायनलला दुसरा गोलकीपर बघा. शनिवारी मला आमच्या ब्रोनाला न्यायचंय.”

“मला का नाही बोललास?”

“तू रडून गोंधळ घातला असतास, वेडाबाई.” त्यानं बाहीनं नाक पुसलं. “माझी फायनल आजचीच होती.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं ब्रोनाला. मागे फिलोमिना झेंड्याची घडी घालत उभी होती.

“गोल पडल्यावर मी वळून तुलाच शोधलं,” कॅहल म्हणाला. शाळेच्या टीमपासून ती त्याच्या जाळ्यामागेच बसत आली होती. “तू दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होतीस. म्हटलं, चला, माझ्याइतकंच आणखी कुणाला तरी लागलंय. लागलं ना गं?”

फिलोमिनाचे हात घडी घालता घालता थांबले.

“हो,” ब्रोना म्हणाली.