लाटंबार्सेचं वळण

सुलक्षाला जन्मापासून दिसत नव्हतं. दोघांच्या सायकलवर ती मागे बसून पेडल मारायची आणि पुढे हँडल धरून असायचे तिचे नवे कोच, गुरुदास सर. गोव्यातल्या साखळी गावाहून निघाल्यापासून सर तिला चढ, खड्डा, आडवी आलेली गाय, सगळं मोठ्यानं सांगत जायचे. फक्त लाटंबार्सेचं वळण जवळ आलं की गप्प व्हायचे आणि सायकल मागे फिरवायचे.

पॅरासायकलिंगची निवड चाचणी तोंडावर आली तेव्हा तिला राहवलं नाही. "सर, शर्यत त्याच वळणावरसून आसा. एकदा तरी जाऊया मरे."

सर तयार झाले. पण वळण दिसताच पेडलवरचे त्यांचे पाय थांबले. सायकल कलंडायच्या आत दोघं कशीबशी उतरली.

"माझो झील, साईश, हयच खनिजाच्या ट्रकाखाली गेलो गो," सर आपल्या मुलाबद्दल पहिल्यांदाच बोलले. "इतकी वर्षां झाली. पण हय इलंय की तो माका रस्त्यार पडलेलो दिसता. अजून दिसता."

सुलक्षानं सायकल चाचपडत कडेच्या काजूच्या झाडाला टेकवली. मग सरांचा गार पडलेला हात शोधला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.


"डोळे मिटा, सर. हयसून पुढे मी नेतंय तुमका."