अण्णांची रेषा

“अण्णा, आज जुना कोड काढायचाय,” हेमांगी फोनवर म्हणाली.

यांत्रिक हृदयं चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, नेटवर्कवरचे संदेश गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन तिनेच नव्याने लिहिलं होतं. जुनं फोडून लोकांच्या हृदयांत चोर शिरू लागले होते. पण अण्णांच्या हृदयातल्या जुन्या चिपला नवं पेलणार नव्हतं. हृदय चालत राहील, मात्र नेटवर्कपासून तुटेल आणि बिघडलं तर डॉक्टरांना कळणार नाही.

“तुमच्यापुरतं जुनं ठेवू?”

“चोर तिथूनच सगळ्यांकडे जातील ना?”

“हो.”

“मग काढ.”

तिने बदल पाठवला. पडद्यावरची अण्णांच्या ठोक्यांची रेषा पुसली गेली.

“अण्णा?” तिने हाक मारली.

“आहे गं. आता रोज फोन करून विचारत जा.”